"हे सगळं मालिका बघूनच झालंय ना?"

समुपदेशनासाठी आलेल्या एका आईने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडून ठेवला. मुलाने गेल्या दोन वर्षांत काय काय पाहिलं, त्याची यादी होती. मालिकांची नावं, तारखा, आणि जिथे दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं नातं दाखवलंय तिथे लाल पेनाने फुली. रात्रभर जागून केलेली.

"मॅडम, एकदा खरं काय ते सांगा. हे बघूनच तो असा झाला ना? मी वेळीच फोन काढून घेतला असता तर?"

मुलगा १९ वर्षांचा. आपण समलिंगी असल्याचं त्याने आठवड्यापूर्वी आईला सांगितलं होतं. वडील बाहेर बाकावर बसून होते, आत आलेच नाहीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, लिहायला तिघांचीही परवानगी आहे.)

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. कुणी म्हणतं हल्ली फॅडच निघालंय, कुणी म्हणतं जाहिरातींतही तेच. ऐकताना राग वाटतो, पण जरा खोल गेलं की खाली अपराधीपणा सापडतो. आपलं कुठे चुकलं हे शोधत शोधत आईबाप पडद्यापाशी येऊन थांबतात. म्हणून मी उत्तर लांबवत नाही. नाही, मालिका बघून कुणी समलिंगी होत नाही. लैंगिक कल कशाने ठरतो याचं एकच एक कारण सापडलेलं नाही, पण पडद्यामुळे किंवा संगोपनामुळे तो बदलतो याला पुरावा नाही.

त्यांना मी हॉलिवूडचं उदाहरण दिलं. तिथे हेज कोड नावाची नियमावली १९३४ पासून काटेकोरपणे लागू झाली आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ समलिंगी नातं पडद्यावर दाखवायला बंदी होती. जे काही येई ते आडून, बहुधा खलनायक म्हणून नाहीतर हसं करण्यापुरतं. आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांनी छापा घातला तेव्हा जी माणसं मागे हटली नाहीत, त्यांतली कितीतरी याच बंदीच्या काळात लहानाची मोठी झाली होती. त्यांनी कुठली मालिका पाहिली होती?

बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "पण औषध वगैरे काही?" अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. जो आजारच नाही त्याला औषध कसलं? 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांकडे गेलेली मुलं नंतर माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांची झोप गेलेली असते, स्वतःवरचा विश्वास गेलेला असतो. या एका बाबतीत मी पालकांशी मवाळ बोलत नाही.

पुढच्या वेळी मुलगा सोबत आला. आईने यादीबद्दल त्याला सांगितलं होतं. तो चिडला नाही. म्हणाला, "आई, पडद्याकडे मी कमीच बघायचो. तुमच्याकडे बघायचो."

बारा वर्षांचा असताना एका विनोदी कार्यक्रमात बायकी चालीचं पात्र आलं आणि बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, हे त्याला लख्ख आठवत होतं. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, २०२१ मध्ये, ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली सुवर्णपदक जिंकला. समलिंगी असल्याचा आणि ऑलिंपिक विजेता असल्याचाही आपल्याला अभिमान आहे, असं तो पत्रकारांना सांगत होता. मायलेक शेजारी बसून बातम्या बघत होते. आईने रिमोट उचलला आणि चॅनेल बदललं. पोराने उरलेलं रात्री पांघरुणात फोनवर ऐकलं, आवाज अगदी बारीक करून. आपण कोण आहोत त्यामुळे आपल्या हातून कधी काही घडणार नाही असं लहानपणी वाटायचं, असंही डेली त्यात बोलला होता. "मी ते किती वेळा ऐकलं असेल," तो म्हणाला.

आईला चॅनेल बदलल्याचं आठवतच नव्हतं. मी ते मुद्दाम केलं नव्हतं रे, एवढंच त्या म्हणाल्या, आणि रडल्या.

मला पालकांना हे कळकळीने सांगायचं असतं. मालिकेने त्या मुलाला कल दिला नाही, स्वतःला ओळखायला शब्द दिले. आपल्यासारखी माणसं जगतात, जिंकतात, म्हातारी होतात, हे दाखवलं. तेवढ्याने न्याय मिळतो असं मात्र नाही. जूनमध्ये, समलिंगींच्या 'प्राइड' महिन्यात, इंद्रधनुषी लोगो लावणाऱ्या कंपनीत कर्मचाऱ्याला जोडीदाराचं नाव घ्यायची भीती वाटत असेल, तर त्या लोगोचा त्याला काय उपयोग? घर भाड्याने मिळणं, बढती न अडणं, दवाखान्यात जोडीदाराला आत सोडणं यासाठी कायदा लागतो आणि तो पाळणारी माणसंही लागतात. दिसण्यात धोकाही असतो. म्हणून 'नातेवाईकांना आम्ही सांगू का?' असं बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ते तुम्ही सांगायचं नाही. कुणाला, कधी, की कुणालाच नाही, हे तो ठरवेल.

तिसऱ्या वेळी वडील आत आले. फारसं बोलले नाहीत. निघताना दारात थांबून मुलाला विचारलं, "मी खरंच इतका हसलो होतो?" मुलाने मान हलवली.

महिनाभराने बाईंचा फोन आला. रात्री तिघं टीव्ही बघत होते आणि तसाच एक प्रसंग लागला. सवयीने त्यांचा हात रिमोटकडे गेला, मग तो हातात धरून त्या नुसत्या बसून राहिल्या. कुणी काही बोलेना. वडील उठून पाणी प्यायला आत गेले. तिथेच थांबतील असं त्यांना वाटलं होतं. पण ते परत येऊन बसले आणि मुलाला म्हणाले, "मधे काय झालं रे?"