जावास्क्रिप्टने एलिमेंटवर अ‍ॅट्रिब्यूट आहे का, हे सगळ्या ब्राउझरांत सारखं कसं तपासायचं?

हॅजअ‍ॅट्रिब्यूट वापरा, विषय संपला. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे एलिमेंटच्या एचटीएमएल टॅगमध्ये लिहिलेला गुण; तो आहे की नाही एवढंच हे फंक्शन ट्रू किंवा फॉल्समध्ये सांगतं. आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) ८ पासून पुढे सगळीकडे चालतं, आणि आयई ११ सुद्धा मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये मोडीत काढला. तरी कोणी 'ब्राउझरचा प्रॉब्लेम' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मालवणात ओळखीच्या एका काकांच्या बोटी सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटक नेतात. पावसाळ्यात फेऱ्या बंद. मुंबईच्या एका डेव्हलपरने त्यांना बुकिंगचं पान करून दिलं. पावसाळ्यात बटणावर नुसतं डिसेबल्ड (बटण बंद करणारं अ‍ॅट्रिब्यूट, व्हॅल्यू न देता) लिहायचं, आणि ते असेल तर 'बोटी बंद आहेत' ही पाटी दाखवायची, एवढंच काम. बटण बंद झालं, पाटी काही येईना. लोक बटण दाबून वैतागायचे आणि काकांना फोन लावायचे. डेव्हलपरचं उत्तर ठरलेलं: गिऱ्हाइकांचे ब्राउझर जुने आहेत.

मी कोड उघडला, तर साहेबांनी इफच्या अटीत थेट गेटअ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटची व्हॅल्यू देणारं फंक्शन, टाकलेलं. नुसत्या डिसेबल्डची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर. इफला ती फॉल्सच. अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर मिळतो नल, म्हणजे 'काहीच नाही', तोही फॉल्स. मग पाटी येणार कुठून? क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या, हेच होणार. आयई ७ पर्यंत तेच गेटअ‍ॅट्रिब्यूट प्रॉपर्टी, म्हणजे एलिमेंटची जावास्क्रिप्टमधली चालू स्थिती, उचलून ट्रू द्यायचं. तेव्हाची सवय असणार, दुसरं काय! काकांना सांगितलं तर म्हणाले, "तू गप रव. तो मुंबयचो माणूस, तेका कळता."

पाऊस सरल्यावर त्याच माणसाने डिसेबल्डला 'फॉल्स' अशी स्ट्रिंग दिली. बटण बंदच! तिथे व्हॅल्यू कोण बघतो? अ‍ॅट्रिब्यूट आहे ना, मग बटण बंद. रिमूव्हअ‍ॅट्रिब्यूट करा, नाहीतर प्रॉपर्टी फॉल्स करा. ऐन दिवाळीच्या गर्दीत हे चाललेलं, आणि बिलात वर 'ब्राउझर सपोर्ट'चे वेगळे पैसे. काकांनी दिलेही.

हां, एक राहिलंच. तुम्हाला आत्ताची स्थिती हवी असेल तर हॅजअ‍ॅट्रिब्यूट उपयोगाचं नाही. युजरने चेकबॉक्सवर टिक केली तरी चेक्ड अ‍ॅट्रिब्यूट जिथल्या तिथे राहतो, बदलते ती प्रॉपर्टी. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीनेसुद्धा २०११ मध्ये १.६ आवृत्तीत प्रॉपर्टीसाठी प्रॉप हे फंक्शन वेगळं काढलं. लिंकचा एचरेफ (पत्त्याचं अ‍ॅट्रिब्यूट) गेटअ‍ॅट्रिब्यूटने घ्याल तर लिहिला तसा मिळेल, प्रॉपर्टीने पूर्ण पत्ता. तुम्हाला यातलं नेमकं काय तपासायचंय ते प्रश्नात नाही. आणि तुम्हाला कोणी ब्राउझरच्या नावाने बिल लावलं असेल, तर पैसे द्यायच्या आधी त्याची इफची ओळ इथे टाका.