ब्रेक दाबला की कार डावीकडे ओढते, ब्रेक न दाबता सरळ जाते. चाकांचं अलाइनमेंट करूनही फरक नाही. दोष कुठे शोधावा?

ब्रेक न दाबता गाडी सरळ जाते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे दोष बहुधा पुढच्या ब्रेकमध्येच आहे. अलाइनमेंटवर आणखी पैसे घालवू नका.

गाडी डावीकडे ओढते म्हणून फक्त डावं चाक उघडू नका. बहुतेक वेळा डावा ब्रेक व्यवस्थित धरत असतो, कमी पडतो तो उजवा. तरी डावीकडचे चांगले पॅड बदलले जातात. मला याची चीड येते, कारण खर्च होतो आणि धोका तसाच राहतो.

आधी दोन्ही पुढच्या टायरमधली हवा सारखी करा. मग मोकळ्या रस्त्यावर चार-पाचदा बेताने ब्रेक मारून थांबा आणि चाकांजवळ हात न्या. डिस्कला लावू नका, भाजेल. एक चाक चांगलं तापलेलं आणि दुसरं जेमतेम कोमट असेल, तर कोमट बाजूचा ब्रेक कमी धरतोय. मात्र ब्रेक फारसा न वापरताही डावं चाक तापत असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

चाक काढल्यावर पॅड नीट बघा. आतला पॅड संपत आलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिन, म्हणजे ज्यांवर तो सरकतो त्या पिन, जाम असण्याची शक्यता मोठी. पिन हाताने सहज सरकली पाहिजे. साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅडला तेल लागलं असेल तर पुसून भागत नाही. गळती बंद करून दोन्ही बाजूंचे पॅड बदला.

रबरी ब्रेक होज, म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी नळी, मात्र फसवतो. बाहेरून ठणठणीत, आतून फुगून बंद होत आलेला. ब्रेक दाबताच स्टिअरिंग एकीकडे झटका देतं आणि क्षणभराने सरळ होतं, असं होत असेल तर याच्यावर संशय घ्या. ब्रेक सोडूनही चाक अडकत असेल, तर ते जॅकवर उचलून कॅलिपरवरचं ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. दाब सुटून चाक मोकळं झालं तर बहुधा होज, नाही झालं तर कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन किंवा पिन.

यात काहीच सापडलं नाही तर कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश तपासून घ्या.

पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल तर गाडी चालवूच नका. बऱ्याच गाड्यांत पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक ब्रेक ऑइलच्या एकाच सर्किटवर (नळ्यांच्या जोडणीवर) असतं. ते सर्किट गळलं तरी गाडी अशीच ओढते. ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या.