नवऱ्याच्या साठीला शेव्हरोलेची १९६६ची रिस्टोअर केलेली कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार द्यायची आहे. ७८ हजार डॉलर ठीक आहेत का, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघू?

किमतीचं उत्तर गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय कोणालाच देता येणार नाही. बघायचं काय, ते मात्र सांगू शकतो, कारण याच सालची एक गाडी मी न बघता घेतली होती. म्हणजे बघितली होती, पण वरून.

तुम्ही लिहिलंय ते एवढंच: ओहायोतला विक्रेता, लाल कन्व्हर्टिबल, ३२७ घनइंचांचं इंजिन, चार गिअर, ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन’ आणि ‘मॅचिंग नंबर्स’. फोटो सुंदर आहेत म्हणता. असणारच. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचा रंग जितका आरशासारखा, तितका मी आता सावध होतो.

कॉर्व्हेटच्या बॉडीला पत्रा नाही. १९५३ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला पहिल्या ३०० गाड्या हातांनी जुळवल्या, तेव्हापासून ती फायबरग्लासची आहे. म्हणून विक्रेते छातीठोकपणे सांगतात, ‘हिला गंज लागतच नाही.’ बॉडीला लागत नाही, हे खरंच. पण त्या फायबरच्या आत, पुढच्या काचेभोवती आणि दारांच्या खांबांतून, एक पोलादी सांगाडा आहे. इथे अमेरिकेत त्याला ‘बर्डकेज’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. त्याखाली पोलादी चासी. गंजतात ते हे दोन, आणि दोन्ही दिसत नाहीत. वरून कीर्तन, आतून तमाशा!

माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये तोंड बघून भांग पाडता येत होता. पहिल्या मोठ्या पावसात बायकोच्या पायाशी पाणी आलं. काच बदलून घेऊ, किरकोळ काम, असं वाटलं. काच काढली तर खालची पोलादी चौकट स्क्रूड्रायव्हरने उकरता येत होती. पिंजऱ्याचं काम करायचं म्हणजे आधी वरचं फायबर सोडवावं लागतं, मग वेल्डिंग, मग पुन्हा चिकटवणं, पुन्हा रंग. ज्या रंगासाठी पैसे मोजले होते, तोच खरवडून काढावा लागला. गाडी दीड वर्ष गॅरेजमध्ये पडून होती. आणि मी गाड्यांच्या बॉडीच्याच इंजिनिअरिंगमध्ये उभी हयात घालवलेला माणूस. आमच्या घरी हा विषय अजूनही पाहुण्यांसमोर निघतो.

तेव्हा आधी दार उघडा. दार उघडताना खाली झुकतंय का, बंद करताना उचलून लावावं लागतंय का, ते बघा. मग दाराच्या पुढे, पायाशेजारी जे आवरण असतं ते दोन-चार स्क्रू काढून सोडवायला सांगा आणि टॉर्च मारून काचेच्या खांबाचं खालचं टोक बघा. वरून पापुद्रे, खाली लाल भुकटी दिसली तर तिथेच थांबा. नंतर लिफ्टवर चढवून मागच्या चाकांच्या जरा पुढे, चासी जिथे वर वळते तिथे बघा. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ तिथेच साठतं. ओहायोच्या हिवाळ्याबद्दल तुम्हाला मी सांगायला नको. चासीवर नुकताच जाड काळा रंग फासलेला असेल तर तो का फासला, हे जरूर विचारा.

आपल्याकडे जुनी गाडी घेताना लोहचुंबक फिरवून पुट्टी शोधतात. इथे त्याचा उपयोग नाही, फायबरला चुंबक कुठेच चिकटत नाही. त्याऐवजी मडगार्डच्या आतून हात फिरवा. कारखान्याचे भाग साच्यात दाबून काढलेले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतात. अपघातानंतर हाताने थापून बसवलेला तुकडा आतून गोणपाटासारखा खरखरीत लागतो.

‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे गाडीत तिचं मूळचंच इंजिन आहे, हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. १९७२च्या आधीच्या कॉर्व्हेटच्या व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, कुठलं इंजिन बसवलं होतं ते कळतच नाही. त्यावरून साल, बॉडीचा प्रकार आणि सेंट लुईसचा कारखाना एवढंच कळतं. इंजिनावर पुढे, उजव्या बाजूच्या हेडच्या पुढ्यात, एक छोटा सपाट चौथरा असतो. त्यावर व्हीआयएनचे शेवटचे आकडे, इंजिन जुळवल्याची तारीख आणि प्रकाराची अक्षरं ठोकलेली असतात. हे आकडे घासून नवे ठोकणारे कारागीर आहेत. म्हणून तारखांची साखळी जुळवा: ब्लॉक ओतल्याची तारीख आधी, इंजिन जुळवल्याची त्यानंतर, आणि बॉडीची सगळ्यांत शेवटी. उलटसुलट असेल तर इंजिन दुसऱ्या गाडीचं असण्याची शक्यता मोठी. त्या चौथऱ्यावर यंत्राच्या बारीक समांतर रेघा असायला हव्यात, चकचकीत घासलेला असेल तर संशय घ्या.

आता लाल रंगाबद्दल. ग्लोव्ह बॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर रिव्हेट मारलेली एक पाटी असते, ट्रिम टॅग. त्यावर मूळ रंगाचा क्रमांक असतो. १९६६चा रॅली रेड ९७४, नॅसॉ ब्लू ९७६. माझ्या लाल गाडीच्या पाटीवर ९८२ होतं, म्हणजे मॉसपोर्ट ग्रीन. लाल लवकर विकली जाते, म्हणून कोणीतरी हिरवीची लाल केली होती. चालवायला काही फरक पडत नाही, पण किमतीत पडतो, आणि घासाघीस करायला हा मुद्दा फार उपयोगी.

‘फ्रेम-ऑफ’ म्हणजे बॉडी चासीवरून अक्षरशः उचलून केलेलं काम. एवढा खटाटोप केलेला माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही. बॉडी हवेत आणि चासी उघडी, असे फोटो मागा, आणि बिलं. ‘आधीच्या मालकाकडे असतील’ असं उत्तर आलं, तर तो शब्द किमतीतून वजा करा.

गाडी चालवून बघाल तेव्हा इंजिन थंड असतानाच पोचा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. १९६५पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, पण उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक ऑइल पाणी शोषतं, कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारे भाग, आतून गंजतात आणि गळू लागतात. स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्ह घातल्यात का, विचारा. नसतील तर तो खर्च धरून चला. मागची बेअरिंग सैल असली तर ती बसवायला प्रेस आणि माहितगार हात लागतो, कोपऱ्यावरच्या गॅरेजचं ते काम नाही. विमा मात्र सोपा: ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा, म्हणजे आधीच ठरवलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर कंपनी तिला नुसती साठ वर्षांची जुनी गाडी समजेल.

निवृत्तीनंतर पुण्याला नेण्याचं विचारलंत. २०२१च्या नियमांनी भारतात पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हीए मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो, पण त्या रोजच्या वापरासाठी नाहीत. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. सीमाशुल्काचा हिशेब कस्टम्स एजंटकडून आधी करून घ्या. साहेबांना ती भाजी आणायला न्यायची असेल तर तुमचं ओहायोतलं कोलंबसच बरं.

१९६६ला कन्व्हर्टिबल १७,७६२ निघाल्या, त्यामुळे हीच गाडी हवी असा हट्ट नको, दुसरी मिळते. तुमच्याकडच्या फोटोंत ट्रिम टॅग आणि इंजिनाचा चौथरा स्पष्ट आला असेल तर खाली टाका, शनिवारी बसून वाचून सांगतो.