एनई२००० आयएसए कार्ड: 'नो सच डिव्हाइस' आलं तर आयओ पत्ता देणं थांबवा

पेंटियम ३ चा बोर्ड, जुन्या पद्धतीच्या आयएसए स्लॉटमध्ये रिअलटेक ८०१९एएस (एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड), ३२-बिट डेबियन १२ लिनक्स, आणि 'एनई' मॉड्यूलला (कर्नलमधला या कार्डाचा ड्रायव्हर) आयओ पत्ता ३०० (हेक्स), आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची लाइन ५ देऊनही 'नो सच डिव्हाइस'. तुमची ही तक्रार वाचली आणि राहवलं नाही, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ याच चुकीने खाल्ला. कार्ड मेलं समजून फेकू नका.

हे कार्ड मुख्यतः दोन पद्धतींनी चालतं: प्लग अँड प्ले आणि जंपरलेस (सेटिंग कार्डावरच लिहून ठेवलेली). प्लग अँड प्लेमध्ये असेल तर त्याचा पत्ता बायॉस किंवा कर्नल ठरवतं, आणि तोवर ३०० वर कोणीच नसतं. ड्रायव्हर तिथे वाचायला जातो, एफएफ मिळतं (म्हणजे तिथे काहीच नाही), तो परत फिरतो. वर तुम्ही पत्ता हाताने दिलात की ड्रायव्हर प्लग अँड प्लेची यादी बघतच नाही! म्हणून आधी कसलाही पर्याय न देता नुसतं 'एनई' लोड करा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) 'आयएसएपीएनपी'च्या, म्हणजे आयएसए प्लग अँड प्लेच्या ओळीत कार्डाचं नाव दिसलं तर बहुतेक काम तिथेच होतं.

तरी माझं मत जंपरलेसच. फ्रीडॉसच्या (डॉससारखी मोफत प्रणाली) फ्लॉपीवरून रिअलटेकचं सेटिंगचं साधन आरसेट८०१९ चालवा, ३०० आणि ५ कायमचे लिहा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आता मात्र मॉड्यूलला तेच आकडे द्यायचे.

इथे दुसरा खड्डा आहे. बायॉसच्या पीएनपी/पीसीआय पानावर आयआरक्यू ५ 'लेगसी आयएसए'ला, म्हणजे जुन्या आयएसए कार्डांना, राखून ठेवा. नाहीतर बायॉस तो एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकतं. आयएसएचा इंटरप्ट एज-ट्रिगर्ड (सिग्नल बदलताच लागणारा), पीसीआयचा लेव्हल-ट्रिगर्ड (सिग्नल टिकून असेपर्यंत लागलेला). दोघांना एक लाइन वाटून घेता येत नाही. अशा वेळी मॅक पत्ता दिसतो, लिंकचा दिवा लागतो, पण पिंग जात नाही आणि 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' येतं. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या इंटरप्ट्स फाइलमध्ये ५ समोरचा आकडा हलतोय का, तेवढं बघा. ३ निवडू नका, तो सहसा कॉम २ या सिरियल पोर्टचा असतो.

एका विक्रेत्याच्या मदत कक्षाने मला '६४-बिट टाका, नवे ड्रायव्हर मिळतील' असं सांगितलं होतं. शुद्ध चुकीचा सल्ला! x८६ कर्नलमध्ये जुन्या आयएसए ड्रायव्हरांचा पर्याय ३२-बिटपुरताच आहे. ६४-बिटवर हे मॉड्यूल बनतच नाही. २०१६ मध्ये ६४-बिटसाठी आयएसएचा वेगळा पर्याय आला, पण तो पीसी/१०४ सारख्या छोट्या औद्योगिक बोर्डांसाठी. समोरच्या माणसाने कर्नलची कॉन्फिग फाइल एकदा उघडली असती तरी हे कळलं असतं.

हे सगळं ८०१९एएसपुरतं. ३कॉमच्या कार्डाचं ड्रायव्हर आणि सेटिंगचं साधन दोन्ही वेगळं. आणि डेबियन १३ वर जाऊ नका, त्यात ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत.