नोकरी सोडायची आहे की देश?

तुमचे पत्र दोनदा वाचले. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून निघून तुम्ही साडेतीन वर्षांपासून टोकियोतील एका कंपनीत संगणक अभियंता आहात, महिन्याला 80 तास जादा काम करता, वरिष्ठ सर्वांसमोर पाणउतारा करतात, आणि घरी मात्र दर रविवारी ‘सर्व ठीक आहे’ असे सांगता. आता राजीनामा देऊन पोळ्याला कायमचे गावी परतावे का, असा तुमचा प्रश्न आहे.

परतण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु तुमच्या चार पानी पत्रात मला टोकियोविषयी एकही तक्रार सापडली नाही. निशीकासाईच्या भारतीय दुकानात तूरडाळ मिळते आणि शेजारच्या आजी सणाला गोड आणून देतात, हे तर तुम्ही आवर्जून लिहिले आहे. तक्रार आहे ती एका कंपनीची, खरे तर एका साहेबाची. तेवढ्यासाठी देश सोडण्याची घाई मला पटत नाही.

जपानच्या कायद्यानुसार जादा कामाची मर्यादा साधारणपणे महिन्याला 45 आणि वर्षाला 360 तास आहे, विशेष करार असल्याशिवाय ती ओलांडता येत नाही आणि हा कायदा परदेशी कर्मचाऱ्यालाही लागू आहे. म्हणून कामाच्या तासांची नोंद आजपासून स्वतःच्या वहीत ठेवा. राजीनामा मात्र दुसरी नोकरी हाती आल्यावरच द्या. नोकरी सुटल्यावर 14 दिवसांत इमिग्रेशन कार्यालयाला कळवावे लागते, आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने कामाविना गेले तर निवासाचा परवाना रद्द होऊ शकतो. ‘हॅलो वर्क’ या सरकारी रोजगार केंद्रांत परदेशी व्यक्तींनाही मदत मिळते. तेथे एकदा जाऊन या.

परतायचेच ठरले, तर पेन्शनचा एकरकमी परतावा देश सोडल्यापासून 2 वर्षांच्या आत मागता येतो. मात्र तो घेतला की, 2016 पासून लागू असलेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारात तुमची ही वर्षे पुढे मोजली जात नाहीत. घाईत सही करू नका.

आता वडिलांविषयी. त्यांनी तुमच्या शिक्षणासाठी दोन एकर विकले, त्यामुळे हे सांगायला तोंड नाही, असे तुम्ही म्हणता. 2017 साली बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा ते घरी येऊन काय म्हणाले, हे तुम्हीच लिहिले आहे: “यंदा काई हाती नाई लागलं, आता चन्याचं पाहू.” ज्या माणसाने उभे पीक गेल्याचे लेकरांसमोर बसून सांगितले, त्याला मुलाचा साहेब वाईट निघाला एवढे ऐकवणार नाही, असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. गावातील लोक चार दिवस बोलतील. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी बोअरला पाणी लागेल किंवा लागणार नाही, आणि विषय बदलेल.

येत्या रविवारी रात्री साडेदहाला फोन करा. त्या वेळी गावात सात वाजलेले असतील आणि वडील शेतातून परतलेले असतील. फोन आधी त्यांना द्यायला सांगा. साडेतीन वर्षांच्या सलग नोकरीवर जपानी कायद्याने वर्षाला 14 दिवसांची पगारी रजा मिळते. तिच्यातील दहा दिवस काढून पोळ्याला जरूर या, परतीचे तिकीट मात्र आधीच काढून ठेवा.