बाल्डर्स गेट ३ मध्ये पहिल्याच खेळात विझार्डला कोणता सबक्लास द्यावा?

बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेममधला तुमचा विझार्ड, म्हणजे जादूगार, लेव्हल २ ला पोचलाय, समोर नऊ सबक्लासची (म्हणजे त्याच्या उपप्रकारांची) यादी उघडली आहे आणि चुकीचा घेतला तर पूर्ण गेम वाया जाईल का, असं तुम्ही विचारलंय. सोबत दोन मित्र ऑनलाईन खेळून राहिले, तेही पहिल्यांदाच. मीही नागपूरचाच, आमचाही चौघांचा ग्रुप आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई असेल तर एवढंच वाचा: इव्होकेशन (आग-विजेसारख्या थेट माऱ्याची जादू) घ्या आणि पुढे चला.

आधी ती भीती काढून टाका. सुरुवातीच्या भागातल्या पडक्या अवशेषांखाली एक तळघर आहे, तिथे विदर्स नावाचा सांगाडा उठतो. तो सापडला नाही तरी नंतर आपणहून कॅम्पवर येऊन उभा राहतो. त्याला १०० सोन्याची नाणी दिली की क्लास (पात्राचा प्रकार), सबक्लास, ॲबिलिटी स्कोअर (ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे) सगळं नव्याने निवडता येतं, आणि तेही हवं तितक्या वेळा. हात चलाख असेल तर ती नाणी त्याच्याच खिशातून परत काढणारेही आहेत. त्यामुळे एका यादीपायी गेम अडवून बसण्यात काही अर्थ नाही, भाऊ.

दुसरं म्हणजे, विझार्डच्या बाबतीत सबक्लासला जितकं महत्त्व वाटतं तितकं ते नाही. तुम्ही कोणत्याही स्कूलचे, म्हणजे जादूच्या शाखेचे असा, सापडलेल्या स्क्रोलवरून (मंत्राच्या गुंडाळीवरून) जवळपास सगळी विझार्ड स्पेल्स, म्हणजे मंत्र, शिकता येतात. स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे ५० नाणी लागतात, स्वतःच्या स्कूलची स्पेल असेल तर २५. म्हणजे फायरबॉलसारखी तिसऱ्या लेव्हलची स्पेल इव्होकेशनवाल्याला ७५ ला पडते आणि नेक्रोमन्सीवाल्याला १५०. फरक आहे, पण थोडी वाट वाकडी करून वस्त्या धुंडाळल्या की भरून निघतो. खरा फरक पडतो तो लढाईत तुमच्या पाळीला, आणि तिथे बघायची गोष्ट एकच: तुमच्या सोबतचे लोक कुठे उभे राहतात.

आमच्या ग्रुपमधला मानेवाड्याचा मित्र बार्बेरियन (अंगावर धावून जाणारा योद्धा) खेळतो. त्याला कितीही सांगा, शत्रू दिसला की हा धावत मध्यभागी. फायरबॉल ८ सहा बाजूंच्या फाशांचं नुकसान करतो, सरासरी २८, आणि ४ मीटर त्रिज्येत जे कोणी असेल त्याला भाजतो. आपला-परका त्याला कळत नाही. इतर कोणत्याही स्कूलच्या विझार्डला मग दोनच वाटा उरतात: स्पेल टाकायचीच नाही, नाहीतर मित्राला भाजायचं आणि डिस्कॉर्डवर शिव्या खायच्या. इव्होकेशनला लेव्हल २ ला स्कल्प्ट स्पेल्स मिळतं, त्यात तुमच्या इव्होकेशन स्पेल्समधून सोबत्यांना काहीच इजा होत नाही. बार्बेरियन सात गॉब्लिनांच्या मधोमध उभा आहे आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरच फायरबॉल टाकून राहिले, हे सुख दुसऱ्या कोणत्याच स्कूलमध्ये नाही. एकटे खेळत असता तर प्रत्येकाला नीट मागे उभं करून काम भागलं असतं. दोन नवखे मित्र सोबत असताना ते जमणार नाही, हे मी लिहून देतो.

फक्त ध्यानात ठेवा, हे संरक्षण इव्होकेशन स्पेल्सपुरतंच आहे. ग्रीस आणि वेब कॉन्ज्युरेशनमध्ये येतात, त्यात मित्र घसरणार आणि अडकणारच.

याच्या खालोखाल मला ॲब्ज्युरेशन आवडतं, आणि खूप लोक त्याला उगाच कंटाळवाणं समजतात. यात तुमच्याभोवती एक वॉर्ड तयार होतो. लाँग रेस्टनंतर (कॅम्पवर रात्र काढल्यावर) त्याची ताकद तुमच्या विझार्ड लेव्हलइतकी असते, ॲब्ज्युरेशन स्पेल टाकत गेलं की वाढत जाते, कमाल लेव्हलच्या दुप्पट. प्रत्येक फटक्यातून तेवढं नुकसान वजा होतं आणि वॉर्ड एकाने उतरतो. लेव्हल ५ च्या विझार्डचा वॉर्ड १० वर नेला तर साध्या बाणाने त्याला ओरखडाही जात नाही. मेज आर्मर, शील्ड, काउंटरस्पेल ही सगळी तशीही रोज लागणारी स्पेल्स याच स्कूलची. तुमच्या ग्रुपमध्ये पुढे उभं राहायला कोणीच नसेल, दोघे मित्र धनुष्य घेऊन मागे पळणारे निघाले, तर मी सांगितलेलं सोडा आणि हे घ्या.

डिव्हिनेशनचं इंटरनेटवर खूप कौतुक आहे. लाँग रेस्टनंतर दोन फासे आधीच टाकून मिळतात, आणि कोणाच्याही हल्ल्याच्या किंवा सेव्हिंग थ्रोच्या (स्पेलपासून वाचायला टाकलेल्या फाशाच्या) जागी ते वापरता येतात. हातात ३ आला असेल तर होल्ड पर्सन टाकताना शत्रूच्या माथी मारा, तो जखडलाच म्हणून समजा. ताकदवान आहे यात वाद नाही. पण हा सबक्लास ज्याला शत्रूची प्रत्येक स्पेल, कोणाचा कोणता सेव्ह कच्चा आहे हे पाठ आहे त्याच्यासाठी आहे. शिवाय योग्य क्षणाची वाट बघत तुम्ही ते फासे जपून ठेवता आणि रात्री तसेच घेऊन झोपायला जाता. दुसऱ्या खेळासाठी राखून ठेवा.

नेक्रोमन्सीबद्दल तुम्ही खास विचारलंय, बहुतेक सांगाडे उठवायचे म्हणून. उठवा, पण ॲनिमेट डेड ही तिसऱ्या लेव्हलची स्पेल आहे, म्हणजे विझार्ड लेव्हल ५ पर्यंत थांबावं लागतं, आणि एक जास्तीचं प्रेत मिळतं ते लेव्हल ६ ला. तोवर फक्त तुमच्या स्पेलने शत्रू मेल्यावर थोडं रक्त परत येतं. आणि एक सांगतो, प्रत्येक सांगाड्याची वेगळी पाळी असते. मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री, कूलर फक्त गरम हवा फेकून राहिला, लॅपटॉपवर अंडं शिजेल, आणि तुमचे दोन मित्र तुमच्या पाच सांगाड्यांची चाल संपायची वाट बघत बसलेत. लढाई लांबली की मध्येच लाईटही जाते. तसंही एफ५ दाबून क्विकसेव्ह करत राहायची सवय लावून घ्या.

बाकीच्यांवर फार वेळ घालवणार नाही. ट्रान्सम्युटेशनवाला औषधी दुप्पट बनवू शकतो, ते काम कॅम्पवर भाड्याचा माणूस ठेवूनही होतं. कॉन्ज्युरेशनमध्ये पाणी पाडता येतं, आणि भिजलेल्या शत्रूला वीज आणि थंडीचं नुकसान दुप्पट होतं हे खरं, पण पाण्याची बाटली फेकून मारली तरी तो तितकाच भिजतो. एन्चांटमेंट आणि इल्युजन पहिल्या खेळात नको. ब्लेडसिंगिंग एप्रिल २०२५ च्या पॅच ८ मध्ये आलं, तलवार घेऊन नाचणारा विझार्ड, दिसायला जबरदस्त. पण त्यात अंगाने नाजूक माणूस घेऊन तुम्ही पुढच्या रांगेत जाता, आणि कुठून निघायचं हे कळायला आधी गेम कळावा लागतो.

सबक्लासपेक्षा जास्त जीव कॉन्सन्ट्रेशनमध्ये घाला. हेस्ट (वेग वाढवणारी), वेब, होल्ड पर्सन, हिप्नॉटिक पॅटर्न, या सगळ्या स्पेल्स तुमचं लक्ष टिकून आहे तोवरच चालतात. एका वेळी एकच अशी स्पेल चालते आणि फटका बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (अंगाच्या कणखरपणाचा) सेव्ह द्यावा लागतो. तुम्ही स्क्रीनशॉटमध्ये कॉन्स्टिट्यूशन १० ठेवलंय. ते १४ तरी करा, हवं तर स्ट्रेंग्थ ८ वर आणा, विझार्डला ती कुठे लागते. लेव्हल ४ ला फीट (जास्तीचं कौशल्य) मिळेल तेव्हा वॉर कास्टर बघा, त्याने कॉन्सन्ट्रेशन टिकवणं सोपं जातं. हेस्ट तुटली की ज्याच्यावर टाकली त्याची पुढची पाळी वाया जाते, आणि तो मानेवाड्याचा असेल तर पुन्हा शिव्या.

आता एक शंका. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्हाला दोन-तीनच स्पेल्स पुन्हा पुन्हा टाकायला आवडतात, स्क्रोल गोळा करायचा कंटाळा येतो, आणि गेममधल्या लोकांशी गप्पा मारून काम काढायला मजा येते. हे वर्णन विझार्डचं नाही, सॉर्सररचं (जन्मजात जादू अंगात असणाऱ्याचं) आहे. त्याची जादू करिश्मावर, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या छापेवर चालते, म्हणून बोलण्यातही तोच पुढे. त्याच्या खास युक्त्याही आहेत: क्विकन्ड स्पेलने एका पाळीत दोन मोठ्या स्पेल्स, ट्विन्ड स्पेलने एकच हेस्ट दोघा मित्रांवर. त्यातला ड्रॅकॉनिक ब्लडलाइन घेतला तर प्रत्येक लेव्हलला एक जास्तीचा हिट पॉइंट मिळतो आणि चिलखताशिवायही अंग जरा टणक होतं. लाल किंवा सोनेरी ड्रॅगन निवडला तर लेव्हल ६ पासून आगीच्या स्पेलमध्ये करिश्माही मिळवला जातो. स्कल्प्ट स्पेल्स मात्र विसरा. केअरफुल स्पेल आहे, पण त्यात सोबती सेव्ह पास होतात एवढंच, फायरबॉलचं अर्धं नुकसान त्यांना लागतंच.

आणि अजून एक व्यवहाराची गोष्ट: गेममध्ये गेल नावाचा सोबती भेटतो, तो स्वतः विझार्डच आहे. शॅडोहार्ट क्लेरिक (देवाच्या भक्तीतून जादू करणारी), विल वॉरलॉक (करारातून जादू मिळवलेला). सॉर्सरर मात्र सोबत्यांत एकही नाही. तुम्ही तिघे आहात, चौथ्या जागी गेलला घेतलं तर दोन विझार्ड होतील आणि स्क्रोलवरून ओढाताण होईल, कारण शिकून झालं की स्क्रोल संपतो. विझार्डच राहायचं असेल तर गेलला विदर्सकडे नेऊन सॉर्सरर करून टाका, किंवा त्याच्याऐवजी शॅडोहार्टला घ्या. तिचा मूळचा ट्रिकरी डोमेन (क्लेरिकचा सबक्लास) कामाचा नाही, तो बदलून लाइट करा.