वाचून नाही राहिलो, निवडून राहिलो

'माझी एकाग्रता गेली' ही तक्रार माझ्याकडे बहुतेक वेळा बारावीची मुलं घेऊन येतात. निखिल (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) तिशीचा. नागपूरच्या मिहानमध्ये आयटीतली नोकरी, प्रतापनगरात घर, नुकतंच लग्न. तक्रार तीच, पण समोर परीक्षा कुठलीच नव्हती. त्याला कादंबरी वाचता येईनाशी झाली होती.

झालं होतं असं, की रॉबर्ट जॉर्डनची 'द व्हील ऑफ टाइम' ही चौदा खंडांची फँटसी, म्हणजे जादूच्या कल्पित जगातली, कादंबरीमालिका त्यानं वाचून संपवली. पहिला खंड १९९० चा. २००७ मध्ये लेखक गेला, त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ मध्ये ती पूर्ण झाली. एवढं मोठं काही संपलं की चार-आठ दिवस सुनंसुनं वाटतंच. निखिलचे मात्र महिने गेले. रात्री जेवण झालं की मोबाईल घ्यायचा, 'यानंतर कोणती मालिका' यावर जगभरातल्या लोकांनी काय लिहिलंय ते चाळायचं आणि दीड-दोनला एक पानही न वाचता झोपायचं. एक्सेलमध्ये तक्ता होता: खंड किती, पानं किती, पूर्ण की अपूर्ण, वाचकांनी दिलेले तारे किती. "मॅडम, खरं सांगू का? मी वाचून नाही राहिलो, निवडून राहिलो."

आई सोबत आल्या होत्या. त्यांचं दुखणं वेगळं. "एवढ्या मोठ्या माणसानं राक्षस अन् जादू वाचावी काऊन? अन् मुलगी पाहायला गेलो तेव्हा अर्ध्या तासात होकार दिला होता यानं. पुस्तकाले सहा महिने लागते का बापा!"

वयाचा मुद्दा लवकर मिटला. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी १८८८ ची, आणि तिच्या पुढची 'चंद्रकांता संतती' तर चोवीस भागांची. ऐयार म्हणजे वेष बदलणारे हेर, तिलिस्म म्हणजे मायावी कोडी, भुयारं, सगळं काही त्यात आहे, आणि वाचणारी माणसं चांगली मोठी, संसारी होती. दूरदर्शनवरची 'चंद्रकांता' या ताईंनी स्वतः कधी चुकवली नव्हती, हे बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघालं.

दुसरी गोष्ट मी तपासतेच. झोप, भूक, ऑफिसचं काम, मित्र, घरातलं बोलणं. ज्यात आधी रस होता त्या कशातच दोन आठवडे किंवा जास्त मन लागत नसेल, तर प्रश्न पुस्तकाचा उरत नाही. तिथे नैराश्याची नीट तपासणी हवी, पुस्तकांच्या याद्या नकोत. निखिल रविवारी सकाळी क्रिकेट खेळून मित्रांसोबत तर्री-पोहे खात होता, ऑफिसातले किस्से हसत हसत सांगत होता. झोप कमी होती, पण ती मोबाईलमुळे.

मग एकाग्रता गेली हे त्यानं ठरवलं कशावरून? तक्त्यात पहिल्या क्रमांकावर स्टीव्हन एरिक्सनची 'मलाझन' मालिका होती, दहा खंड, १९९९ ते २०११. जाणकार तिला या प्रकारातलं शिखर मानतात, म्हणून त्यानं ती उघडली, पन्नास-साठ पानांवर अडकला आणि मोबाईलनं आपलं डोकं कामातून गेलं असा निष्कर्ष काढून मोकळा झाला. आता त्या पहिल्या खंडाची ख्यातीच अशी की तो वाचकाला चालू युद्धाच्या मधोमध नेऊन सोडतो. कोण कुणाच्या बाजूनं, कुठली जादू कशी चालते, काही समजावून सांगत नाही. त्या मालिकेवर जीव टाकणारे वाचकसुद्धा नवख्याला हे आधीच बजावतात. दिवसभर कोड लिहून आलेला माणूस रात्री अकराला तिथे अडखळला, तर त्यात आजार कुठे आला?

मी त्याला तक्ता बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "चौदा खंडांतलं तुला काय आठवतं?" मला वाटलं लढाया सांगेल, शेवटचं महायुद्ध सांगेल. तो बोलला मधल्या खंडांबद्दल, सातव्या ते दहाव्यापर्यंतच्या. तिथे कथा रेंगाळते म्हणून पुष्कळ वाचक वैतागतात. "लोक म्हणते बोअर आहे. मला तेच आवडायचे. माणसं नुसती प्रवास करून राहिली, रुसून राहिली, चहा पिऊन राहिली... ऑफिसातून आलं की त्यांच्यात जाऊन बसायचं." हे सांगताना तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला.

त्याच्या तक्त्यात या आवडीसाठी रकानाच नव्हता. होते ते सगळे रकाने दुसऱ्यांच्या पसंतीचे.

पर्याय फार झाले की माणूस गोंधळतो हे आपण सहज बोलून जातो. २००० साली प्रसिद्ध झालेला जॅमच्या बाटल्यांचा प्रयोग त्यासाठी नेहमी सांगितला जातो: चोवीस प्रकार मांडले तेव्हा बघे जास्त जमले, पण सहाच मांडले तेव्हा विक्री जास्त झाली. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे आढळला नाही. आपल्याला काय हवंय हेच ठाऊक नसेल, तेव्हा तो जास्त जाणवतो. म्हणून पर्याय निम्मे करण्यापेक्षा आधी आपली आवड ओळखलेली मला बरी वाटते.

आवड कळल्यावर निवड फार अवघड राहिली नाही. सँडरसनची 'मिस्टबॉर्न' त्रयी (२००६ ते २००८) तक्त्यात वर होती. धातू गिळून चालणारी जादू, घट्ट विणलेलं कथानक. वेगवान गोष्ट आवडणाऱ्याला मी तीच सुचवते, निखिलला नाही. जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेत माणसं भरपूर आहेत, पण पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाचक अजून वाट बघताहेत. अर्धवट गोष्टीनं ज्याची झोप उडते, त्यानं सध्या तिकडे जाऊ नये. उरली रॉबिन हॉबची 'फारसीअर' त्रयी, १९९५ ते १९९७. राजघराण्यातल्या एका अनौरस मुलाला गुपचूप मारेकरी म्हणून तयार करतात, आणि तोच आपली हकिगत सांगतो. तबेला, कुत्री, स्वयंपाकघर, दरबारातले मानापमान, सगळं सावकाश. गोष्ट तीन खंडांत एका ठिकाणी येऊन थांबते. आवडलीच, तर त्या जगातली पुस्तकं एकूण सोळा आहेत.

एकच खंड घ्यायचा, अख्खा संच नाही. किंडलवर सुरुवातीची पानं फुकट वाचायला मिळतात, ती आधी बघायची. शंभर पानांनंतर नकोसं झालं तर सोडून द्यायचं, आणि सोडलं म्हणून स्वतःला दोष द्यायचा नाही. पुस्तकांची शोधाशोध शनिवारी दुपारी. रात्री फक्त वाचन, आणि तेव्हा मोबाईल दिवाणखान्यात. ही शेवटची अट त्याला सगळ्यात जड गेली. त्यावर तोडगा बायकोनं काढला: तिनंही आपला मोबाईल तिथेच ठेवायला सुरुवात केली.

पुढच्या वेळी आला तो पहिला खंड अर्धा करून. छत्रपती चौक ते खापरी मेट्रोतही वाचत होता. म्हणाला, "काहीच होऊन नाही राहिलं पुस्तकात. मस्त आहे." आणि लगेच, तिन्ही संपल्यावर पुढचे तेरा वाचायचे की दुसरं काही धरायचं, हा प्रश्न. मी म्हटलं, तिसरा संपला की आठवडाभर काहीच ठरवू नकोस. सुनंसुनं वाटेल, वाटू दे. त्या आठवड्यात तक्ता उघडायचा नाही.